सात माणसे आणि त्यांचे सामान : कौटुंबिक एसयूव्हीकडून कोकणाच्या अपेक्षांची पार्श्वभूमी

महिंद्रा स्कॉर्पिओ-एन २७ जून २०२२ रोजी बाजारात आली आणि ३० जुलैला नोंदणी खुली होताच अर्ध्या तासाच्या आत एक लाखाहून अधिक गाड्यांची नोंदणी झाल्याचे कंपनीने जाहीर केले. त्या गाडीच्या पुढच्या आवृत्तीत काय असावे, याविषयी चालकांमध्ये चर्चा चालते. पनवेल ओलांडल्यावर मात चर्चेचा रोख बदलतो. शहरांत मोठा पडदा, छतभर पसरलेला सनरूफ आणि चहूबाजूंनी दाखवणारा कॅमेरा हे विषय पुढे असतात, तर चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीकडे पहिला मुद्दा निघतो तो डिक्कीचा. तिसऱ्या रांगेत माणसे बसली की या गाडीत बॅगा ठेवायला जेमतेम जागा उरते. वरवर पाहता ही आखणीतली एक त्रुटी आहे, परंतु कोकणात ती इतकी का बोचते हे समजून घेण्यासाठी इथल्या प्रवासाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

मुंबई आणि कोकण यांना पूर्वी समुद्राने जोडले होते. आगबोटी जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांसमोर थांबत आणि उतारू आपल्या ट्रंका-बोचक्यांसह पडावांतून किनाऱ्याला लागत. पुढे बोटी बंद झाल्या आणि भार एसटीवर आला. एसटीच्या टपावर गोणी, कणगी, फणस, आंब्याच्या पेट्या असे काहीही चढत असे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला आणि मुंबईचा प्रवास सुकर झाला. मात्र हा मार्ग किनाऱ्यापासून आत, खाड्यांचे रुंद पात्र टाळत गेलेला असल्याने मालवण, देवगड, गुहागर किंवा दापोलीच्या माणसाला स्थानकावर उतरल्यानंतरही गाव गाठण्यासाठी रस्त्याचाच आधार घ्यावा लागतो. रेल्वे आणि वाडी यांच्यातले हे अंतर भरून काढले ते रायगडात मिनिडोर या तीनचाकीने आणि सर्वत्र जीप, ट्रॅक्स व सुमो या वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाड्यांनी.

या गाड्यांची घडण पाहिली की पुढच्या अपेक्षांचे मूळ सापडते. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची अनेक दशके कंपनीच्या प्रवासी गाड्या त्याच वंशातल्या राहिल्या : मजबूत चासी म्हणजे खालची लोखंडी चौकट, तिच्यावर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा. टाटा सुमो १९९४ मध्ये आली. टाटांच्या टेल्को कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून तिचे नाव पडले आणि दहा माणसांची आसनक्षमता हा तिचा मोठा गुण ठरला. मागे समोरासमोर बाके, माणसे आत आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर, ही विभागणी पक्की होती. त्या काळी डिक्की लहान आहे अशी तक्रार कोणी केली नाही, कारण डिक्की छतावर होती.

बोलेरो २००० साली आली आणि कोकणाच्या अंतर्भागात तिने चांगलेच पाय रोवले. सरळ पत्रा, पाट्यांचे मागचे सस्पेन्शन, मागच्या दारावर लटकवलेली स्टेपनी आणि कोणत्याही गॅरेजमध्ये होणारी दुरुस्ती, ही तिची बलस्थाने होती. तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मात्र चालकांच्या मागणीतून झाला नाही, तो कररचनेतून झाला. चार मीटरपेक्षा लहान गाडीला उत्पादन शुल्कात सवलत होती. त्यामुळे २०१६ मध्ये बोलेरो ४१०७ मिलिमीटरवरून ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली आणि तिला दीड लिटरच्या आतले तीन सिलिंडरचे इंजिन मिळाले. त्याआधी, २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरील शुल्क २७ वरून ३० टक्के करताना चार मीटरहून अधिक लांबी आणि १५०० सीसीहून मोठे इंजिन यांच्याबरोबर १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, हाही निकष लावला गेला होता. जी उंची पावसाळ्यात कोकणातल्या रस्त्यावर गाडीचे पोट वाचवते, तीच कागदावर चैनीची खूण ठरली, हे जरा विचित्रच होते. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. बोलेरो पहिल्या गटात पडते आणि स्कॉर्पिओ दुसऱ्या. म्हणजे सात माणसांची गाडी किती लांब करायची, याचा निर्णय आखणीच्या टेबलावर पोचण्यापूर्वीच अर्धा झालेला असतो.

स्कॉर्पिओची कथा याहून वेगळी आहे. ती जून २००२ मध्ये आली. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालील संशोधन-विकास विभागाने ती देशातच विकसित केली आणि नाशिकच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. जीपच्या वंशातल्या गाडीत मोटारीसारखे बसता यावे, हा तिच्यामागचा विचार होता. मुंबई-ठाण्यात नोकरी करणारा आणि सणाला गावी जाणारा चाकरमानी तिच्याकडे वळला तो याच कारणाने. वडापची सुमो ही त्याच्या लेखी भाड्याची गाडी होती, स्कॉर्पिओ घरची झाली. २०१४ मध्ये गाडीला नवी चासी मिळाली, तरी दारे आणि छप्पर बरेचसे जुनेच राहिले, त्यामुळे उंच बसून दूरवरचे पाहण्याची सवय मोडली नाही.

२०२२ मध्ये ही सवय मोडली. जुनी स्कॉर्पिओ, जी आता ‘क्लासिक’ या नावाने विकली जाते, ४४५६ मिलिमीटर लांब, १८२० रुंद आणि १९९५ उंच आहे. स्कॉर्पिओ-एन ४६६२ लांब, १९१७ रुंद आणि १८५७ उंच आहे. लांबी वीस सेंटिमीटरने वाढली, रुंदी जवळपास दहाने, आणि उंची चौदाने घटली. महामार्गावर याचा लाभ स्पष्ट आहे. वळणावर गाडी पूर्वीसारखी कलत नाही आणि मागच्या सस्पेन्शनमधील वॅट्स लिंकेज या दांड्यांच्या जोडणीमुळे मागचा आस बाजूला सरकत नाही. परंतु महामार्ग सोडून वाडीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे असलेल्या पाणंदीत हेच दहा सेंटिमीटर अडचणीचे होतात. समोरून दुसरी गाडी आली तर कोणा एकाला कोणाच्या तरी अंगणापर्यंत मागे जावे लागते. म्हणून चहूबाजूंचा कॅमेरा ही शहरी मागणी कोकणातही रास्त ठरते, फक्त तिचे कारण वेगळे आहे. शहरात तो पार्किंगसाठी हवा असतो, इथे गडग्यासाठी.

आता डिक्कीकडे पुन्हा वळू. गणपतीला निघालेल्या गाडीत तीन पिढ्या असतात आणि सजावटीचे साहित्य, वाणसामान, कपड्यांच्या बॅगा असतात. परतताना तांदूळ, कुळीथ, नारळ, आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. हा भार पूर्वी टपावर जात असे. आता उंची कमी झालेल्या, छताला उतार दिलेल्या आणि काचेचा सनरूफ बसवलेल्या गाडीवर जड कॅरिअर लावणे चालकाला नकोसे वाटते, आणि छतभर सनरूफ आला तर ती वाट आणखी अरुंद होईल. छतावरचे सामान आत आले, पण आत त्याच्यासाठी जागा केली गेली नाही. माझ्या मते या गाडीविषयीच्या कोकणी तक्रारीचा सगळा गाभा इथेच आहे. आणि शहराची सनरूफची मागणी पूर्ण करताना गावाची सामानाची अडचण वाढते, याचे भान आखणी करणाऱ्यांनी ठेवले पाहिजे.

रस्त्याचा इतिहासही या अपेक्षांना आकार देत आला आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६, याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळले. कशेडी घाटातील बोगद्याची एक मार्गिका २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी खुली झाली तेव्हा चालकांना मोठा दिलासा मिळाला. महामार्गाची अवस्था पाहून अनेक चाकरमानी पुणे-कोल्हापूरमार्गे जाऊन फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट उतरतात. घाटाच्या या सवयीमुळे डिझेल इंजिन, खालच्या वेगाला मिळणारी ओढ आणि उतारावर गिअरनेच गाडी आवरता येणे यांना इथे अजूनही किंमत आहे. आंबोलीच्या धुक्यात पिवळसर फॉगलॅम्प उपयोगी पडतो. पांढरे एलईडी धुक्यावर आदळून चालकाच्याच डोळ्यांत येतात, ही तक्रार अनेक गाड्यांबाबत ऐकू येते. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा चालवून पाहिली, पण तिला प्रतिसाद थोडाच मिळाला. बहुतेकांनी गाडी स्वतःच हाकली.

खारी हवा आणि पाणी हा वेगळा विषय आहे. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी येथे जंगलजेटीवर, म्हणजे मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी चढवताना चाकांखाली खारे पाणी येते, किनाऱ्यालगत उभ्या गाडीवर वर्षभर खारा वारा बसतो, आणि चासीवर बसवलेल्या बॉडीच्या सांध्यांत, दाराच्या खालच्या कडांत गंज धरतो. म्हणून इथला जाणता ग्राहक गाडी ताब्यात घेताच अंडरकोटिंग, म्हणजे तळाला गंजरोधक लेप, करून घेतो. हे काम कारखान्यातच, जस्तलेपित पत्र्यासह, व्हावे अशी अपेक्षा अवाजवी नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला तेव्हा कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिनात पाणी शिरल्यावर ते सुरू करण्याचा प्रयत्न केला तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, हा धडा त्या आठवड्यात अनेकांना मिळाला. हवा खेचणारी नळी किती उंचीवर आहे आणि आसनांखाली कोणते इलेक्ट्रॉनिक भाग बसवले आहेत, हे प्रश्न तेव्हापासून इथे विचारले जातात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र जुन्या गाड्यांविषयी हळवे होण्याचे कारण नाही. मे २०१६ मध्ये मोटारींच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले, मुलांच्या संरक्षणासाठी तीन. समोरासमोरच्या बाकांवर मुलांना बसवून घाट चढण्याची सवय आपण सोडली पाहिजे, आणि तिसऱ्या रांगेची आसने पुढे तोंड करून, पट्ट्यांसह असणे हा खरा लाभ आहे. त्याची किंमत डिक्कीच्या रूपाने मोजावी लागली, इतकेच.

पुढच्या बदलात काय शक्य आहे, हे बदलाच्या प्रकारावर अवलंबून राहील. मध्यावधी फेरबदलात कंपन्या दिवे, बंपर, पडदे, आसनांची कातडी आणि इलेक्ट्रॉनिक सोयी बदलतात. चासी आणि पत्र्याचा सांगाडा तसाच राहतो, कारण त्याचे साचे महागडे असतात आणि तो बदलल्यास अपघात-चाचण्याही नव्याने कराव्या लागतात. त्यामुळे २७५० मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर, वाढवून मागे जागा करणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. तिसरी रांग मात्र दोन भागांत वेगवेगळी दुमडता येईल अशी करणे या सांगाड्यातही जमण्यासारखे आहे. त्याच कंपनीच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ही सोय २०२१ मध्येच आली, आणि सहा माणसे व चार पेट्या घेऊन देवगडहून निघणाऱ्याला तेवढ्यानेही एका आसनाची जागा सामानाला देता येईल. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणारा गारवा, मागे वेगळा चार्जिंग पॉइंट आणि कारखान्यातूनच मिळणारे, किती भार पेलते हे स्पष्ट लिहिलेले छतावरचे कॅरिअर, या गोष्टींसाठीही पत्र्याला हात लावावा लागत नाही.