दोन पट्ट्या, काही बोल्ट आणि दोन उलटी कामं

प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, जिथे शेवटचा डबा थांबतो, तिथून खाली रुळाकडे पाहिलं की कधीतरी एक सांधा नजरेस पडतो. रुळाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, त्यांतून आरपार गेलेले बोल्ट आणि मधोमध रूळ कापल्याची बारीक रेघ. शाळेतलं उत्तर लगेच तोंडावर येतं: उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं, म्हणून फट ठेवतात. दोन मार्कांचा हा प्रश्न होता आणि उत्तरही बरोबर होतं. पण आजच्या मुख्य मार्गावर तुम्हाला जो सांधा दिसतोय, त्याचं ते उत्तर असेलच असं नाही. तो बहुधा प्रसरणाला वाट देण्यासाठी नसतोच. उलट, रुळाला तसूभरही हलू द्यायचं नाही, हेच त्याचं काम असतं.

एक खुलासा आधी करतो. मराठीत ‘सांधा बदलणे’ म्हटलं की गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणं, आणि सांधेवाला म्हणजे ते काम करणारा माणूस. इथे तो सांधा अभिप्रेत नाही. इथे रुळाचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो, ती जागा म्हणजे सांधा. अशा जागी पट्ट्या-बोल्टांचे दोन प्रकारचे सांधे असतात: एक साधा, नुसत्या पट्ट्यांचा म्हणजे फिशप्लेटचा, दुसरा गोंदाने चिकटवलेला, म्हणजे ग्लूड जॉइंट. लांबून पाहिलं तर जुळे भाऊ वाटावेत.

आधी थोरला. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात रुळांची टोकं एकमेकांना धड जोडलेलीच नसत. दोन्ही टोकं एका बिडाच्या बैठकीत टेकवायची आणि लाकडी पाचर ठोकायची. काही ठिकाणी टोकं निम्म्या जाडीची कापून एकावर एक बसवत, म्हणजे चाकाचा दणका जिथे सगळ्यात जास्त, नेमका तिथेच रूळ अर्धा. हे विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज इंजिनिअरला पटत नव्हतं. त्याने आणि रॉबर्ट रिचर्डसनने १८४७ मध्ये आपल्या सांध्याचं पेटंट घेतलं. तेव्हाही पट्टी नुसती पाचरीसारखी अडकवलेली असे. ती बोल्टने आवळायची सोय १८४९ मध्ये जेम्स सॅम्युअलने केली. फिशप्लेटचा माशाशी काही संबंध नाही. जहाजाची डोलकाठी तडकली की तिला बाजूने लाकडाची फळी बांधत, त्या फळीला इंग्रजीत ‘फिश’ म्हणत. मोडलेल्या हाताला कामटी बांधावी तसा प्रकार.

फिशप्लेट रुळाला कुठे टेकते, हे बघण्यासारखं आहे. रुळाचा वरचा जाड माथा, मधली उभी भिंत आणि खालचा पसरट पाय, असे त्याचे तीन भाग. ट्रॅकवर काम करणारे त्यांना हेड, वेब आणि फूट म्हणतात. साधी फिशप्लेट वेबला चिकटत नाही. ती वर हेडच्या खालच्या उताराला आणि खाली फुटाच्या वरच्या उताराला टेकते, मध्ये पोकळी राहते. बोल्ट आवळला की पट्टी पाचरीसारखी आत ओढली जाते. उतार झिजले की आणखी आवळायची, ती आणखी आत जाते. झिजेची सोय मूळ रचनेतच करून ठेवलेली, आणि हे मला या जुन्या सांध्यातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं.

बोल्टाची भोकं मात्र मुद्दाम थोडी मोठी ठेवतात, कारण या सांध्याला सरकायचं असतं. ब्रॉडगेजच्या रुळाचा तुकडा १३ मीटरचा. थंडीच्या पहाटे तो १० अंशांवर असेल आणि मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांवर गेला, तर सुमारे साडेसात मिलिमीटर वाढतो. तेवढी जागा दोन टोकांमध्ये सोडलेली असते आणि पट्ट्यांनी तुकड्यांना धरून ठेवायचं, पण अडवायचं नाही. म्हणून वर्षातून एकदा, पाऊस संपून हवा कोरडी झाली की, रुळांची देखभाल करणारी गँग एकेक सांधा खोलते. तारेच्या ब्रशने गंज काढते, पट्टी जिथे टेकते तिथे ग्रॅफाइट आणि रॉकेलचा काळा लेप फासते, बोल्टांना तेल देते आणि पुन्हा आवळते. ही मशागत चुकली की सांधा गंजून जाम होतो आणि मग फट असूनही रूळ वाढायला जागा शोधतो ती बाजूला.

‘धडक-धडक’ आवाज या फटींचाच. आपल्याकडे दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर ठेवतात, त्यामुळे दर १३ मीटरला एक ठोका. ४७ सेकंदांत जितके ठोके मोजाल, तितका गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये. गणित करून बघा, जमतं. पण आता हा खेळ बहुतेक मार्गांवर चालत नाही, कारण मोजायला ठोकेच उरले नाहीत. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीत अजून मोजता येतील, अर्थात तिथे तुकड्यांची लांबी वेगळी, म्हणून हे ४७ सेकंद तिथे लागू नाहीत.

ठोके गेले, कारण रूळ वेल्ड करून सलग केले. मग लोक विचारतात, वाढ गेली कुठे? ‘आता न वाढणारं लोखंड वापरतात’ असं ठामपणे सांगणारेही भेटतात. तसं काही नाही. वाढ कुठेच जात नाही, तिला होऊच देत नाहीत. मोकळा सोडलेला एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांच्या फरकाला जवळपास ३५ सेंटिमीटर लांब-आखूड होईल. पण त्याला क्लिपांनी स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या तुळईला) आणि स्लीपरला खडीत जखडला, की ती वाढ बळ होऊन रुळातच साठते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात ३० अंशांच्या फरकाला हे बळ सुमारे ५७ टन भरतं, एका रुळात. आणि गंमत म्हणजे रूळ एक किलोमीटरचा असो की दहा, बळ तेवढंच. लांबीचा त्यात संबंधच येत नाही. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांच्या शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये, आणि तिच्यासाठी तिथे निमुळत्या रुळांचा वेगळा प्रसरण सांधा बसवतात. त्याला पट्ट्या-बोल्टांचं हे रूप नसतं, त्यामुळे त्याची गल्लत होत नाही.

म्हणजे ट्रॅकवाल्यांची इच्छा एकच: रूळ कापू नका. आणि इथेच सिग्नलवाले येतात, त्यांना रूळ कापलेलाच हवा असतो.

गाडी कुठल्या टप्प्यात उभी आहे हे सिग्नलला कळवायची जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रुळांचा एक टप्पा घ्यायचा, एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेच्या प्रवाहावर उचलली जाणारी किंवा पडणारी कळ. टप्पा मोकळा असेल तर विजेचा प्रवाह रुळांतून जाऊन रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधल्यामध्ये परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळच तुटला, तरी रिले पडणार आणि सिग्नल लालच होणार. पण यासाठी शेजारशेजारचे टप्पे विजेच्या दृष्टीने वेगळे हवेत, म्हणजे टप्प्याच्या सीमेवर रूळ कापून मध्ये वीज न वाहणारा तुकडा घालणं आलं.

आधी हे काम साध्या फिशप्लेटलाच नायलॉनसारख्या पदार्थाचं अस्तर लावून भागवत. वीज अडायची, पण असा सांधा सलग रुळातलं ५७ टनांचं ओढणं पेलू शकत नव्हता. मग दर सिग्नलपाशी सलग रूळ संपवा, दोन्हीकडे प्रसरण सांधे घाला, असली कटकट. एकाच रुळावर दोन खात्यांचा हा झगडा मिटवला तो गोंदाने.

ग्लूड जॉइंट बनतो तो मोकळ्या लाइनवर नाही, शेडमध्ये. रुळाचे दोन तुकडे घ्यायचे आणि जिथे पट्टी बसणार तो भाग घासून चकचकीत करायचा. तेलाचा, गंजाचा कणही नको. इथल्या पट्ट्या वेगळ्या असतात: वेबपासून पोकळी न सोडता त्या पूर्ण अंगाने रुळाला लगटून बसतात, कारण चिकटायला जितकी जास्त जागा तितकं बरं. रूळ आणि पट्टी यांच्यामध्ये इपॉक्सी या गोंदात भिजवलेलं काचतंतूचं कापड. बोल्टांना वीजरोधक नळ्या. दोन रुळांच्या मध्ये रुळाच्याच आकाराचा, काही मिलिमीटर जाडीचा वीजरोधक तुकडा, ज्याला एंड पोस्ट म्हणतात. मग जास्त ताकदीचे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे आणि गोंद पक्का होऊ द्यायचा. सलग रुळासाठीच्या सांध्याला सहा बोल्ट असतात. तयार झालेला हा जोड पुढे लाइनवर नेऊन दोन्ही टोकांना वेल्ड करतात.

दोन्ही सांधे समोरासमोर ठेवले की प्रकार उलटासुलटा दिसतो. फिशप्लेटच्या सांध्यात रूळ अंगाने तुटलेला असतो, पण तिथे ट्रॅक सर्किट असेल तर वीज मात्र पुढे जायला हवी. गंजलेल्या पट्टीवर तिचा भरवसा नसतो, म्हणून सांध्यावरून जाड तारा घेऊन दोन्ही तुकडे जोडतात. ग्लूड जॉइंटमध्ये रूळ विजेला तुटलेला, अंगाने अखंड. एकाला वर्षाकाठी तेल पाजायचं, दुसऱ्याला घडताना तेलाचा थेंबही वर्ज्य.

ओळखायचे कसे? प्लॅटफॉर्मवरूनच बघा, खाली उतरू नका. रेघ नुसती काळी पोकळ दिसत असेल तर ती फट. भरलेली, रुळाच्या आकाराचा पातळ काप बसवल्यासारखी दिसत असेल तर एंड पोस्ट. दर काही पावलांवर असेच सांधे दिसत असतील तर फिशप्लेटचा मार्ग. आजूबाजूला रूळ सलग आणि मध्येच एक एकटा सांधा, जवळ सिग्नलचा खांब, रुळाकडे येणाऱ्या केबली आणि एखादी लहान पेटी, तर तो ग्लूड. आणखी एक खूण उपयोगी आहे: सांधा एकाच रुळावर असेल, समोरच्यावर नसेल, तर तो बहुधा प्रसरणाचा नसतो. विजेच्या गाड्यांच्या मार्गावर पुष्कळदा एक रूळ गाडीचा परतीचा प्रवाह नेतो, म्हणून तो अखंड ठेवतात आणि सिग्नलसाठी दुसराच कापतात.

मात्र फुगीर पोटाच्या पट्ट्या दिसल्या तर थांबा. वेल्डच्या जागी रुळाला थोडी गाठ असते, ती मावावी म्हणून पट्टीला मध्ये फुगवटा दिलेला असतो. अशी पट्टी संशयित वेल्डला आधार म्हणून लावतात. तिथे ना फट असते, ना एंड पोस्ट.

बिघडण्याच्या तऱ्हाही दोघांच्या वेगळ्या. फिशप्लेटचा सांधा दणक्याने जातो. चाक फटीवरून उडी मारल्यासारखं पुढच्या टोकावर आदळतं, टोकं चेपतात, खाली वाकतात, बोल्टाच्या भोकापासून तिरक्या चिरा निघतात. पावसाळ्यात अशा सांध्याखालची खडी चिखल पिचकारते. तो दिसून, ऐकू येऊन बिघडतो, रूळ तपासत चालत जाणाऱ्या कीमनला हातोड्याच्या ठोक्यावरून कळतो.

ग्लूड जॉइंट गुपचूप बिघडतो. एंड पोस्टच्या दोन्ही बाजूंची पोलादी टोकं चाकांखाली कणाकणाने दबत राहतात आणि हेडच्या कडेला पोळीच्या काठासारखी पातळ जीभ बाहेर येते. दोन्हीकडच्या जिभा एकमेकींना लागल्या, किंवा मधल्या जागेत ब्रेकची लोखंडी भुकटी साचली, की वीज पलीकडे जाते. हे धोक्याचं होऊ नये म्हणून शेजारशेजारच्या टप्प्यांना बॅटरीची उलटी टोकं जोडलेली असतात: एका रुळावर इकडे धन तर पुढे ऋण. सांध्यातून वीज अशी पलीकडे गेली की दोन्ही प्रवाह एकमेकांविरुद्ध जातात, रिले पडतो आणि सिग्नल लाल. रूळ रिकामा, गाडी खोळंबलेली, आणि प्लॅटफॉर्मवर घोषणा सिग्नल यंत्रणेतल्या बिघाडाची. दिवा, खांब, केबिन, सगळं ठणठणीत असू शकतं.

आता जिथे चाकं मोजणारी यंत्रं किंवा ध्वनीच्या वारंवारितेवर चालणारी सर्किटं आली आहेत, तिथे टप्पे वेगळे करायला रूळ कापावाच लागत नाही, आणि ग्लूड जॉइंटही तिथून उठतो आहे. बाकी ठिकाणी मात्र रात्रीचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी मिळणारा वेळ, मिळाला की कुणीतरी ग्राइंडर घेऊन रुळाशी उकिडवं बसतं, ती दोन-तीन मिलिमीटरची जीभ घासून काढतं, भुकटी ब्रशने झाडतं. मग तिकडे रिले उचलला जातो.