जन्मताना एकदाच वाचलेली फाइल

'सेटिंग बदललं, काहीच झालं नाही. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेव्हा कुठे झालं.' लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमकडे नव्याने वळलेल्यांकडून हे नेहमी ऐकू येतं. बंद-चालूचा हा तोडगा लागू पडतो खरा, पण त्याची गरज नसते.

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आणि त्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल. लिनक्सवर तो बहुधा बॅश असतो, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला आणि १९८९ साली आलेला. नवी खिडकी उघडली की बॅश तुमच्या होम फोल्डरमधली 'डॉट बॅश-आरसी' ही फाइल वाचतो. शेलची तुमची सेटिंग्ज असतात ती याच फाइलीत. नावाआधी टिंब असल्यामुळे ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. 'आरसी' ही अक्षरं आली 'रनकॉम'वरून. फाइलीतल्या आज्ञा ओळीने चालवणारा हा प्रोग्राम १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये लुई पुझँ यांनी लिहिला. 'शेल' हा शब्दही त्यांचाच.

बॅश ही फाइल सुरू होताना एकदाच वाचतो. नंतर तुम्ही ती कितीही बदला, उघड्या खिडकीला पत्ता नसतो.

मग काही जण ती फाइल प्रोग्रामसारखी चालवून पाहतात. तरीही काही नाही! इथे मला सगळ्यात आवडणारी यंत्रणा आहे. बाहेरचा प्रोग्राम चालवताना शेल आधी स्वतःची हुबेहूब नक्कल करतो. याला 'फोर्क' म्हणतात. मग त्या नकलेच्या जागी नवा प्रोग्राम चढतो, तो 'एक्झेक'. मूळ शेल ही आई, नक्कल हे तिचं पोर. 'एक्सपोर्ट' केलेली, म्हणजे पुढे द्यायची म्हणून खूण केलेली व्हेरिएबल्स (नाव देऊन साठवलेली मूल्यं) या पोराला वारशाने मिळतात, तीही प्रत म्हणूनच. एलियस, म्हणजे आज्ञांना दिलेली टोपणनावं, तर मिळतच नाहीत. पोराने 'पाथ' (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) बदलला तर स्वतःचाच बदलला. काम संपलं की पोर संपतं, बदलही संपतो. आईपर्यंत काही पोचत नाही. फोल्डर बदलणारी 'सीडी' ही आज्ञा शेलच्या पोटातच असते, ती याचमुळे. वेगळा प्रोग्राम असती तर पोर दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन संपलं असतं आणि तुम्ही होता तिथेच राहिला असता.

'सोर्स' ही आज्ञा पोर जन्माला घालत नाही. चालू शेल स्वतःच फाइल वाचतो आणि बदल तत्क्षणी लागू होतात.

इंटरनेटवरच्या ओळी मंत्रासारख्या या फाइलीत चिकटवू नका. प्रत्येक ओळ दर वेळी तुमच्याच अधिकाराने चालते. आणि फाइल बदलताना जुनी खिडकी बंद करू नका. नवी खिडकी बिघडली तरी जुन्या शेलने ती चूक वाचलेली नसते, दुरुस्ती तिथून करता येते.