डग्ग्याचा घुमार आणि १२० ओम

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राकडं रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण गाणं ऐकायला जमतो. मित्राचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, आणि कानाचा तो मोठा दर्दी. गेल्या महिन्यात त्यानं व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा, हेडफोन अँप्लिफायर घेतला. सेन्हायझरचा एचडी ६५० हेडफोन माझ्या कानावर चढवला, जयपूर-अत्रौली घराण्याचा एक विलंबित ख्याल लावला आणि म्हणाला, “भावा, डग्गा ऐक. कसा गोल वाजतोय! नाद खुळा.” मग तोच हेडफोन मोबाइलच्या अंगठ्याएवढ्या डाँगलला, म्हणजे मोबाइलला हेडफोन जोडायच्या तुकड्याला, लावला. “आणि आता हे बघ. कोरडं ठाक.”

डग्गा खरंच वेगळा वाजत होता. पण “महाग आहे म्हणून चांगलं वाजतं” एवढ्या उत्तरावर माझं समाधान होईना. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तिथं डग्गा गोल का वाजला याचं नीट कारण शोधलं पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

आधी ताकदीचं बघू. अँप्लिफायर हेडफोनला व्होल्टेज आणि करंट पुरवतो. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. बोअरच्या सबमर्सिबलला हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, जास्त लागतं, पाणी बेताचं; नदीवरच्या मोटरीचं हेड कमी, पण पाण्याचा लोंढा मोठा. दोन्ही पंप पाच एचपीचे असले तरी एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. व्होल्टेज म्हणजे हेड, करंट म्हणजे पाणी.

एचडी ६५० चा इंपिडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा रोध, ३०० ओम. १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल वाजतो, आणि त्यासाठी जेमतेम ३.३ मिलिवॉट खातो. मित्राच्या मेहुण्यानं पुण्याहून हायफायमनचा सुस्वारा हेडफोन आणला होता. त्यात नेहमीचं वेटोळं नसतं. अतिशय पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि तो पडदा चुंबकांमध्ये ताणलेला असतो. याला प्लॅनर म्हणतात. त्याचा इंपिडन्स ६० ओम, म्हणून बहुतेकांना तो चालवायला हलका वाटतो. पण त्याला १ मिलिवॉटला फक्त ८३ डेसिबल मिळतात. १ व्होल्टवर तो १६.७ मिलिवॉट खातो आणि वाजतो ९५ डेसिबल. पाचपट खाऊन ८ डेसिबल कमी! ११० डेसिबलची क्षणिक उसळी हवी असेल, तर एचडी ६५० ला सव्वादोन व्होल्ट आणि साडेसात मिलिअँपिअर पुरतात. सुस्वाराला साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा वॉट लागतो. तीसपट. जास्त ओम म्हणजे जड हेडफोन, हा समज इथंच निकालात निघतो. १ व्होल्ट देणारा डाँगल सुस्वाराला मोठ्या जागी खरोखर अपुरा पडतो. तिथं अँप्लिफायरवर पैसे घालणं योग्यच आहे.

पण आमचा डग्गा एचडी ६५० वर बदलला होता, आणि आवाजही फार मोठा नव्हता. म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हता.

दुसरा संशयित आपला कान. दोन अँप्लिफायरांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर कान “हे मोठं आहे” असं सांगत नाही, “हे जास्त छान आहे” असं सांगतो. शिवाय आवाज वाढला की खर्जातले स्वर प्रमाणाबाहेर भरीव वाटतात. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळं आवाज सारखा केल्याशिवाय केलेली तुलना फुकट आहे. सारखा म्हणजे ०.१ डेसिबलपर्यंत, व्होल्टेजच्या भाषेत साधारण एक टक्का. साधं मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेलं असतं आणि फार वरच्या स्वरांना चुकतं. म्हणून आम्ही ३०० हर्ट्झचा सलग स्वर लावून, हेडफोन जोडलेला ठेवूनच व्होल्टेज जुळवलं.

जोर म्हणजे दर्जा, ही गल्लत आपल्याकडं रस्त्यावरही चालते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना आपण “डॉल्बी” म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी सुरू केली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते, ९० डेसिबल फक्त ४ तास. हेडफोनवाल्यांनाही हेच लागू आहे.

आवाज जुळवल्यावर पडद्याआड तारा बदलून ऐकलं. टेबलावरचा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आणि डाँगल यांतला फरक आमच्यापैकी एकालाही सांगता आला नाही. व्हॉल्व्ह मात्र मित्रानं प्रत्येक वेळी ओळखला. म्हणजे भास नव्हता, आणि इथून पुढचा भाग माझा अगदी लाडका आहे.

जुन्या सायकलचा डायनामो आठवा. चाकाला टेकवला, दिवा लागला, की पायडल जड व्हायचं. खेळण्यातली छोटी मोटर असेल तर तिची दांडी बोटांनी फिरवून बघा. मग तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. आता ती जड लागते. कुणी हात लावलेला नाही, तरी ब्रेक लागला. चुंबकाजवळ वेटोळं हललं की त्यात वीज निर्माण होते, हे फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलं. आणि ती वीज नेहमी त्या हालचालीलाच विरोध करते, हा लेंझचा नियम. उद्यमनगरात मोठ्या मोटरी याच युक्तीनं झटकन थांबवतात.

हेडफोनमध्ये वेटोळं आहे, चुंबक आहे, हालचालही आहे. म्हणजे हेडफोन वाजता वाजता स्वतः डायनामोही असतो. अँप्लिफायर व्होल्टेज ढकलतो, आणि हलणारं वेटोळं उलटं व्होल्टेज परत ढकलतं. आता वेटोळ्याबरोबर हलणारा हेडफोनचा पडदा झोपाळ्यासारखा समजा. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत नुसतं बोट लावलं तरी तो उंच जातो. एचडी ६५० च्या पडद्याची ही लय १०० हर्ट्झच्या थोडी खाली येते. तिथं पडदा थोड्या जोरातच भरपूर हलतो, म्हणून उलटं व्होल्टेजही भरपूर तयार होतं आणि करंट घटतो. बाहेरून मोजणाऱ्याला वाटतं, रोध वाढला. वेटोळ्याची तार तीच, पण ३०० ओमचा हेडफोन तिथं सुमारे ५०० ओमचा होऊन बसतो.

आता अँप्लिफायरच्या पोटातही थोडा रोध असतो. डाँगलच्या पोटात साधारण १ ओम. मित्राच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळं त्याचा आतला रोध १२० ओम आहे. एका माळेत दोन रोध असले की व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं, हे दहावीपर्यंत शिकलेलंच आहे. डाँगलवर ३०० ओमला ३०१ पैकी ३००, ५०० ओमला ५०१ पैकी ५००. दोन्ही जवळपास पूर्ण. व्हॉल्व्हवर ३०० ओमला ४२० पैकी ३००, म्हणजे ७१ टक्के. ५०० ओमला ६२० पैकी ५००, म्हणजे ८१ टक्के. दोन्हींतला फरक साधारण १ डेसिबल. म्हणजे मधल्या स्वरांवर आवाज कितीही काटेकोर जुळवा, खर्जाच्या त्या पट्ट्यात व्हॉल्व्ह १ डेसिबल वर राहणारच. आणि डग्ग्याचा घुमार असतो तो नेमका त्याच पट्ट्याच्या आसपास!

हीच गोष्ट ब्रेकच्या बाजूनंही पाहता येते. डायनामोची वीज ज्या वाटेनं फिरते त्या वाटेवर रोध जितका कमी, तितका ब्रेक कडक. १२० ओम वाढले की ब्रेक सैल होतो आणि पडदा थाप पडल्यावर किंचित जास्त वेळ डोलतो. १ डेसिबलचा उंचवटा आणि हे डोलणं, दोन वेगळे परिणाम नाहीत. स्वरांच्या हिशेबानं पाहिलं तर पहिलं दिसतं, वेळेच्या हिशेबानं पाहिलं तर दुसरं. जाहिरातीत “डॅम्पिंग फॅक्टर ५००” असा, हा ब्रेक किती कडक ते सांगणारा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात तेव्हा एक गोष्ट सांगत नाहीत: वेटोळ्याचे स्वतःचे ३०० ओम त्या वाटेवर कायमच असतात. अँप्लिफायरचा १ ओम ०.०१ वर आणला तरी ३०१ चे ३०० होतात, एवढंच.

सगळ्या हेडफोनांना हा हिशेब सारखा लागत नाही. कानात घालायच्या काही बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चुंबकांमधली चिमुकली पट्टी हलवून वाजणाऱ्या, इअरफोनांचा इंपिडन्स स्वरागणिक खूप बदलतो. तो ५ ते १५ ओम असा फिरत असेल आणि अँप्लिफायरचा आतला रोध १० ओम असेल, तर स्वरांचा तोल ५ डेसिबलनं ढळतो. हे कुणालाही ऐकू येईल.

आणि तारा. चांदीच्या केबलमुळं आवाज “उजळतो” असं सांगून हजारो रुपये उकळले जातात, त्याचा मला राग येतो. चांदी तांब्यापेक्षा साधारण सहा टक्के चांगली वाहक आहे, आणि हेडफोनच्या तांब्याच्या केबलचा सगळा रोध एका ओमच्याही आत असतो. ३०० ओमसमोर त्या एका ओमचे सहा टक्के! ईशान्येला पिरॅमिड ठेवून घरात बरकत आणणाऱ्यांत आणि या विक्रेत्यांत मला फरक दिसत नाही. दोघंही मोजू देत नाहीत.

व्हॉल्व्ह स्वतःचीही थोडी विकृती स्वरात मिसळतात, बहुतेक वेळा मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांची. गोडवा तिच्यातून आला की १२० ओममधून, हे तपासायला मित्रानं दोन्ही कानांसाठी १२० ओमचा एकेक रेझिस्टर घेतला आणि दुकानातच एका छोट्या ॲडॅप्टरमध्ये डाग देऊन बसवला. ॲडॅप्टर डाँगलला लावून आवाज पुन्हा जुळवला. पडद्याआड मी तारा बदलत होतो. मित्रानं डोळे मिटून पूर्ण आवर्तन ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला, “हाच व्हॉल्व्ह.” वाजत होता डाँगल.

तो बराच वेळ ॲडॅप्टर हातात फिरवत बसला. येत्या रविवारी हेच सुस्वारावर करायचं ठरलं आहे, टेबलावरच्या अँप्लिफायरला ॲडॅप्टर लावून. प्लॅनरचा इंपिडन्स खर्जापासून तारापर्यंत जवळजवळ सपाट असतो. १२० ओम लावल्यावर आवाज साडेनऊ डेसिबलनं खाली यायला हवा, आणि तो परत वर घेतल्यावर डग्गा होता तस्साच वाजायला हवा.