काचबिंदू असलेल्या बालकाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल, तर या अर्जासाठी ती कृपया पुढे ढकलू नये. काचबिंदूत डोळ्यातील वाढलेल्या दाबाने दृष्टीच्या नसेचे झालेले नुकसान भरून येत नाही. प्रमाणपत्र मात्र नंतरही निघते.

पात्रतेबाबत पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की जन्मजात काचबिंदूचे निदान झाले म्हणजे प्रमाणपत्र मिळणारच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी हे प्रकार आहेत, काचबिंदू हा स्वतंत्र प्रकार नाही. म्हणजे मोजली जाते ती चष्मा लावूनही उरलेली दृष्टी, आणि तीही प्रामुख्याने चांगल्या डोळ्याची. एक डोळा पूर्ण गेला, पण दुसऱ्याची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगली असेल, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. हे ऐकून चिडलेले वडील मी पाहिले आहेत आणि त्यांची चीड मला समजते, पण खिडकीवरच्या कारकुनाशी वाद घालून टक्केवारीचा तक्ता बदलत नाही.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) पालकाने भरायचा असतो. स्वतः जमत नसेल तर सेतू केंद्रात भरून घ्यावा. फोटो, पालकाचा मोबाइल क्रमांक आणि पत्त्याचा पुरावा यांत सहसा अडचण येत नाही.

अडचण येते ती नावाची. नागपुरातील मेडिकल वा मेयो ही सरकारी रुग्णालये असोत की खासगी दवाखाना, तान्ह्या बाळाचे उपचाराचे कागद ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असे निघतात, तर अर्जात बाळाचे ठेवलेले नाव असते. ही दोन मुले एकच आहेत हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे जन्मदाखल्यावर नाव चढवून घ्यावे (जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क होते, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून) आणि रुग्णालयाकडून डिस्चार्ज कार्डावर तेच नाव लिहून, सही-शिक्का घ्यावा. बाळंतपण माहेरी, समजा मध्य प्रदेशातील छिंदवाड्याला झाले असेल, तर जन्मदाखला तिथलाच मिळतो. तो नागपूर महानगरपालिकेत शोधण्यात आठवडे घालवलेली कुटुंबे आहेत.

दुसरी अडचण आधारची. बुबुळ धुरकट असल्याने डोळ्यांचे स्कॅन होणार नाही, म्हणून आधार निघणारच नाही, असे कुणीतरी सांगते आणि पालक घरी बसतात. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बुबुळाचे स्कॅन किंवा बोटांचे ठसे घेतलेच जात नाहीत.

तिसरी गोष्ट डॉक्टरांकडून मागून घ्यायची आहे. डिस्चार्ज कार्डावर डोळ्याचा दाब, शस्त्रक्रियेचे नाव आणि थेंबांचे वेळापत्रक असते, पण दृष्टीचा रकाना पुष्कळदा कोराच राहतो, कारण आठ महिन्यांचे मूल अक्षरांचा तक्ता वाचू शकत नाही आणि दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते याची) तपासणी तर बरीच वर्षे करता येत नाही. मूल उजेडाकडे वळते का, खेळण्यामागे नजर फिरवते का, हे दोन्ही डोळ्यांबाबत वेगवेगळे लिहून मागावे. भूल देऊन केलेल्या तपासणीचे सगळे कागद तारखेनुसार लावावेत. एका आईच्या फाइलमध्ये हे सारे होते. फक्त अर्जात आजाराचे नाव मोतीबिंदू पडले होते, आणि तेवढ्यावर ती पुन्हा रांगेच्या शेवटी गेली. उन्हाकडे तोंड होऊ नये म्हणून तिचा मुलगा तिच्या खांद्यात डोके खुपसून होता. अर्ज सादर करण्यापूर्वी त्यातील आजाराचे नाव एकदा वाचून घ्यावे.

नकार मिळाला तर कारणे लेखी मागावीत. ती देणे नियमाने बंधनकारक आहे आणि त्यांच्याशिवाय अधिनियमाच्या कलम ५९ खालचे अपील लंगडे पडते.

लहान मुलाची दृष्टी पुढे बदलू शकत असल्याने प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे मिळते. त्यावर दोन तारखा असतात, एक दिल्याची आणि एक वैधता संपण्याची. दुसरीच्या दोन-तीन महिने आधी त्याच फाइलसह नव्याने तपासणीसाठी जावे.