बिननावाच्या ओहोळांची नदी

नदीला एवढं पाणी येतं कुठून? नुसत्या पावसाच्या जोरावर नदी वर्षभर वाहील, हे भल्याभल्या विद्वानांना पटत नसे. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून डोंगरात चढतं आणि झऱ्यांतून बाहेर पडतं, असं ते मानत. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच माणसानं हा वाद गणितावर आणला. सेन नदीच्या उगमाकडच्या भागात किती जमिनीवरचं पाणी नदीला मिळू शकतं, ते त्यानं काढलं. तीन वर्षांच्या पावसाची सरासरी धरली आणि नदीतल्या प्रवाहाशी ताडून पाहिली. पाऊस नदीच्या पाण्याच्या सहापट भरला!

मला या हिशोबात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची पहिली पायरी. पेरोनं आधी जमिनीची हद्द ठरवली. छपराच्या आढ्यावर पडलेला थेंब या पाख्यावरून ओघळतो किंवा त्या. तसंच डोंगराच्या धारेवरही होतं. नदीभोवतीच्या अशा सगळ्या धारा जोडल्या की आत उरतं ते तिचं पाणलोट क्षेत्र. शेतं, रस्ते, छपरं, जंगल, सगळं त्यात आलं. काठापासून कोसभर लांब असलेलं घरही नदीच्याच अंगणात असतं.

या क्षेत्रातल्या ओढ्यांना शास्त्रज्ञ क्रम देतात. ज्याला वरून दुसरा ओहोळ मिळत नाही, तो पहिल्या क्रमाचा. असे दोन एकत्र आले की दुसऱ्या क्रमाचा ओढा, दुसऱ्या क्रमाचे दोन मिळाले की तिसऱ्या क्रमाचा. दर वरच्या क्रमाला प्रवाहांची संख्या साधारण तीन ते पाच पटींनी घटते. चारपट धरली तर चौथ्या क्रमाच्या एका नदीमागे तिच्यासकट ८५ प्रवाह होतात आणि त्यातले ६४ अगदी पहिल्या क्रमाचे. त्यांना बहुतेक वेळा नाव नसतं, नकाशावर रेघही नसते. म्हणूनच ते बिनदिक्कत बुजवले जातात, नांगरले जातात, पाइपात कोंबले जातात. जमिनीवरचं पाणी आणि माती प्रवाहाला पहिल्यांदा भेटते ती मात्र प्रामुख्याने इथेच.

पाऊस थांबून महिने उलटले तरी नदी वाहते, ती जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. मुळांनी, गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती पाणी पिते आणि सावकाश सोडते. तीच जमीन काँक्रीटनं झाकली की २५ मिलिमीटरच्या एका सरीत हेक्टरमागे अडीच लाख लिटर पाणी पडतं आणि जवळपास सगळं लगेच पळतं. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडं पात्र, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं असू शकतात.

अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खं पाणलोटच प्रयोगशाळा म्हणून वापरलं. खाली अभेद्य खडक असल्यानं वाहून बाहेर जाणारं पाणी ओढ्याच्या तोंडाशी मोजता येत होतं. १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं तोडून तिथेच पडू दिली आणि नवी वाढ तणनाशकानं रोखली. पहिल्या वर्षी ओढ्याचा प्रवाह अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढला, कारण पाणी शोषून हवेत सोडणारी झाडंच नव्हती. पाणी वाढलं म्हणून कुणी आनंद मानू नये. त्याच पाण्यातून मातीतला नायट्रेट, म्हणजे झाडांना पोसणारा नायट्रोजनचा क्षार, वाहून गेला, इतका की त्याचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे पोहोचलं. जंगल धरून ठेवत होतं ती सुपीकता ओढ्यानं नेली.

म्हणून नदी वाचवायची तर काम माथ्याकडून सुरू व्हायला हवं. फक्त खालच्या घाटाची डागडुजी आणि गाळ उपसणं मला अपुरं वाटतं. वरची माती उघडी असेल तर गाळ पुन्हा येणारच. उतारावर पाणी अडवून मुरवणं, माती झाकलेली ठेवणं आणि लहानात लहान ओहोळाच्याही दोन्ही काठांवर झाडाझुडपांचा पट्टा राखणं, हे आधी. त्या पट्ट्यात गाळ अडतो, सावलीनं पाणी गार राहतं. शिवाय तिथल्या ओलसर, पालापाचोळ्यानं भरलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचं रूपांतर मुख्यतः नायट्रोजन वायूत करतात आणि तो हवेत निघून जातो.

आपल्या नदीचं दुखणं कुठे आहे, हे पाहायला उपकरण लागत नाही. जोरदार सर येऊन गेल्यावर पूर ओसरू द्या आणि सुरक्षित उंचीवरून दोन ओढ्यांचा संगम पाहा. एक निवळशंख आणि दुसरा चहासारखा गढूळ दिसला, तर पाऊस ओसरल्यावर गढूळ ओढ्याच्या काठानं वर चालत जा. पुढच्या संगमाशी पुन्हा तेच बघा. अशा दोन-तीन संगमांनंतर बहुधा एखादा नुकताच खोदलेला उतार, उघडं पडलेलं शेत किंवा रस्त्याची ताजी भर समोर येते.