दमातला शब्द आणि टीमचं नाव: बडोद्याच्या मैदानाची पार्श्वभूमी

हुतूतू, म्हणजे कबड्डी, हा बहुतेक एकमेव खेळ असेल ज्यात बोलत राहिल्याशिवाय खेळताच येत नाही. आपल्याकडे हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळमध्ये सडुगुडु, जशी भाषा तसा दम, म्हणजे एका श्वासात म्हणत राहायचा शब्द, आणि नियमही गावागणिक वेगळे, त्यामुळे एका गावची टीम दुसऱ्या गावात गेली की भांडणं ठरलेली. मग सगळ्यांना मान्य नियम कागदावर यायला हवे होते आणि या कामात आपलं बडोदं पुढे होतं, हे इथल्याच पोरांना माहीत नसतं याचं खरंच वाईट वाटतं. 1923 मध्ये इथल्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले, स्पर्धा भरवली. खो-खोचे नियमही इथे 1924 ला छापले गेले. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी कवायतीचे इंग्रजी हुकूम काढून हिंदी आणले, आणि मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे 10 खंड इथूनच काढले, तेही मराठीत, गुजराती मुलखात बसून!

मुंबईत तेव्हा क्रिकेट वेगळ्याच वाटेने वाढत होतं. पारशांनी 1848 ला क्लब काढला, मग हिंदू, मुस्लिम आपापले जिमखाने, 1907 ला तिरंगी (तीन टीमचे), 1912 ला चौरंगी, 1937 ला पंचरंगी सामने आणि बहुतेक टीमचं नाव म्हणजे थेट धर्माचं नाव. आता आपले विजय हजारे घ्या, सांगलीचे, बोलणं मराठी, पण ख्रिश्चन, म्हणून ते 'द रेस्ट'कडून, म्हणजे उरलेसुरले सगळे ज्या टीममध्ये तिच्याकडून. 1943 च्या फायनलला हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात या टीमच्या 387 झाल्या, त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. गांधीजींनी 1940 लाच या धर्मवार सामन्यांना विरोध केला होता, तरी बंद व्हायला 1946 उजाडलं.

रणजी करंडकात मात्र टीम प्रांताची आणि संस्थानाची, तिथे गायकवाडांच्या बडोद्याकडून हजारे आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र खेळायचे. मार्च 1947, फायनल बडोद्यातच, समोर इंदूरची होळकर टीम. 3 बाद 91 वरून दोघे जे उभे राहिले ते 577 ची भागीदारी करूनच थांबले, गुल महंमद 319, हजारे 288. पाच महिन्यांनी फाळणी झाली. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि 1956 ला तिकडून टेस्ट खेळले.