ड्रॅगनला पाय किती?

ड्रॅगनला चार पाय, वायव्हर्न या त्याच्यासारख्याच पंखवाल्या काल्पनिक प्राण्याला दोन. युरोपातल्या घराण्यांच्या ढालींवरच्या कुलचिन्हांची आवड असलेल्यांना हा नियम तोंडपाठ असतो, त्यामुळे मध्ययुगीन ढालीवर दोन पायांचा ड्रॅगन दिसला की कारागीर चुकला असं सहज म्हटलं जातं. हा त्या कारागिरावर अन्याय आहे. पायांचा नियम ब्रिटनमधला, आणि तोही साधारण सोळाव्या शतकात पक्का झालेला. त्याआधी दोन पायांचा प्राणीही ड्रॅगनच होता. फ्रान्समध्ये तर नंतरही राहिला.

मुळात हा प्राणी ढालीवर येण्याआधी काठीवर होता. रोमन घोडदळाने डॅन्यूब नदीपलीकडच्या डेशियन आणि सार्मेशियन लोकांकडून 'ड्रॅको' नावाचं निशाण उचललं. जबडा वासलेलं पोकळ धातूचं डोकं आणि मागे कापडाची लांब नळी. घोडा दौडू लागला की तोंडातून वारा शिरायचा आणि कापड फुगून सापासारखं वळवळायचं. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. 113) ही निशाणं कोरलेली आहेत. पायांचा तिथे प्रश्नच नव्हता.

हेस्टिंग्जची लढाई (1066) दाखवणाऱ्या, फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामात इंग्लंडचा हॅरल्ड राजा पडतो, त्याच्या शेजारीच निशाणवाल्याच्या काठीवर ड्रॅगन आहे. त्याला पंख आहेत आणि पाय दोनच. घराण्याचं चिन्ह ढालीवर रंगवून ते वंशपरंपरेने चालवायची रीत रुजली ती बाराव्या शतकात, म्हणजे याच्या बरीच नंतर.

1244 मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चसाठी ड्रॅगनचं निशाण करवून घेतलं. त्याचा हुकूम मला फार आवडतो. तांबडं रेशमी वस्त्र, त्यावर सोन्याची झळाळी, डोळ्यांच्या जागी नीलमणी, आणि जीभ अशी की जाळासारखी सतत हलतेय असं वाटावं. रोमन स्वारांचा तो वळवळणारा साप इथे पुन्हा दिसतो.

सापाशी असलेलं हे नातं 'वायव्हर्न' या शब्दातही आहे: तो लॅटिनमधल्या विषारी सापाच्या नावावरून, जुन्या फ्रेंचमार्गे आला.

चार पायांच्या ड्रॅगनला इंग्लंडमध्ये राजाश्रय मिळाला तो ट्यूडर राजघराण्यामुळे. वेल्सचा तांबडा ड्रॅगन नवव्या शतकातल्या 'हिस्तोरिया ब्रितोनुम' या लॅटिन ग्रंथातच पांढऱ्या ड्रॅगनशी झुंजताना भेटतो. वेल्श रक्ताच्या हेन्री ट्यूडरने 1485 मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत गादी जिंकली ती हाच ड्रॅगन निशाणावर मिरवत, आणि पुढे त्याला राजचिन्हाच्या ढालीशेजारी उभं केलं. 1959 पासून अधिकृत असलेल्या वेल्सच्या ध्वजावर तो तीन पाय रोवून, पुढचा एक पंजा उचलून चालतो आहे.